शंभराचं पेट्रोल

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात पेट्रोल लिटरने मागणारा माणूस शोधावा लागतो. घाटावरचं चिखली-मेहकर घ्या नाहीतर घाटाखालचं मलकापूर-नांदुरा घ्या, पंपावर जरा कान दिला की "शंभरचं टाक", "दोनशेचं टाक" हेच ऐकू येतं. कारवाला फार तर "फुल कर" म्हणतो. सव्वा लिटर किंवा दीड लिटर मात्र कुणी मागत नाही. दूध आपण लिटरने घेतो, साखर किलोने घेतो, कापड मीटरने घेतो. पेट्रोल तेवढं रुपयांनी घेतो. दिसायला साधी सवय, पण भाववाढीची निम्मी गोष्ट या सवयीत दडलेली आहे असं माझं मत झालं आहे.

ही सवय लागली त्यात कुणाचा मूर्खपणा नाही. खिशात शंभराची नोट असते, दिवसाचा खर्च तेवढाच ठरलेला असतो, म्हणून माणूस नोट पुढे करतो. पण त्यामुळे होतं काय, की भाव वाढला तरी खर्च वाढत नाही. शंभराचं पेट्रोल कालही शंभरालाच होतं आणि आजही शंभरालाच आहे! कमी होतं ते टाकीतलं पेट्रोल, आणि टाकीत कुणी डोकावत नाही.

शिक्षकी पेशात आयुष्य गेलं, त्यामुळे गणित मांडल्याशिवाय राहवत नाही. दर ८० रुपये असताना शंभरात सव्वा लिटर येतं. दर ११० झाला की त्याच शंभरात साधारण ९१० मिली येतं. गाडी लिटरला ५० किलोमीटर देत असेल, तर पहिल्या शंभरात साडेबासष्ट किलोमीटर आणि दुसऱ्या शंभरात सुमारे पंचेचाळीस. म्हणजे सतरा किलोमीटर कुठेतरी हरवले. खेड्यातून रोज दूध घेऊन येणारा पोऱ्या मला म्हणतो, "गुरुजी, गाडी आजकाल लय पेट्रोल खाऊन राहिली." तो गाडी मेकॅनिककडे नेतो, कार्बोरेटर साफ करून आणतो, वर दोनशे रुपये देतो. गाडी बिचारी पूर्वीएवढंच खाते आहे. तिच्या ताटात वाढणाराच हात आखडला आहे.

आता दुसरी बाजू. पूर्वी भाव वाढला की सगळ्या गावाला कळायचं. संध्याकाळच्या बातम्यांत दरवाढ जाहीर व्हायची आणि मध्यरात्रीपर्यंत पंपावर रांगा लागायच्या. जून २०१० मध्ये पेट्रोल सरकारी नियंत्रणातून मोकळं झालं, ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेल. तरीही काही वर्षं दर पंधरवड्याला बदलत, त्यामुळे निदान तारीख तरी माहीत असे. मे २०१२ मध्ये पेट्रोल एका रात्रीत साडेसात रुपयांच्या आसपास वाढलं, तेव्हा आठवड्याभरात, ३१ मे रोजी, भारत बंद झाला. बंदने काय साधतं तो प्रश्न निराळा. पण वाढ दिसली, ती कुणी केली हे दिसलं, आणि लोक बोलले.

१६ जून २०१७ पासून देशभर दर रोज सकाळी सहा वाजता बदलू लागला. कधी बारा पैसे वर, कधी नऊ पैसे खाली. युक्तिवाद असा होता, की बाजारातला चढउतार ग्राहकापर्यंत लगेच पोहोचेल आणि एकदम धक्का बसणार नाही. युक्तिवादात तथ्य होतं. पण धक्का गेला तसं लक्षही गेलं. जून २०२० मध्ये ७ तारखेपासून तीन आठवडे जवळजवळ रोज थोडी थोडी वाढ होत गेली. त्या तीन आठवड्यांत दिल्लीत पेट्रोल नऊ रुपयांहून अधिक आणि डिझेल अकरा रुपयांहून अधिक महागलं. २०१२ च्या एका रात्रीपेक्षा ही वाढ मोठी होती. टाळेबंदीचा काळ होता हे खरं, पण पैशापैशाने आलेल्या वाढीविरुद्ध मोर्चा तरी कोणत्या दिवशी काढायचा?

आणि गंमत पुढेच आहे. भाव हलत नाही तेव्हाही तो बदलत असतो. २० एप्रिल २०२० रोजी अमेरिकेच्या बाजारात कच्च्या तेलाच्या एका सौद्याचा भाव शून्याच्याही खाली गेला होता. जगभर तेल मातीमोल झालं होतं. पंधरा दिवसांनी, मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, केंद्राने उत्पादन शुल्क पेट्रोलवर १० रुपये आणि डिझेलवर १३ रुपये वाढवलं. त्यामुळे पंपावरचा आकडा हलला नाही. वर्तमानपत्रांत आलं, की ग्राहकावर बोजा नाही. बोजा नव्हता कसा? जी स्वस्ताई आपल्याला मिळायची ती वाटेत थांबली. एप्रिल २०२५ मध्येही हेच झालं. शुल्क दोन रुपयांनी वाढलं, पंपावरचा दर जागचा हलला नाही. बोर्डाकडे पाहणाऱ्याला वाटलं, आज काहीच घडलं नाही.

उलट प्रकारही झाला आहे. नोव्हेंबर २०२१ पासून मार्च २०२२ पर्यंत 'रोज बदलणारा' दर साडेचार महिने गाढ झोपला होता. मधल्या काळात उत्तर प्रदेशासह पाच राज्यांच्या निवडणुका होत्या. निकाल लागले, आणि २२ मार्चपासून सोळा दिवसांत चौदा वेळा वाढ होऊन दर दहा रुपयांनी चढला. कंपन्यांचीही बाजू सांगितली पाहिजे. त्यानंतर दर पुन्हा थांबले, तेल जागतिक बाजारात महागच होतं, आणि एप्रिल ते जून २०२२ या तिमाहीत तिन्ही सरकारी तेल कंपन्या तोट्यात गेल्या. पण २०२३-२४ मध्ये त्याच तिघींना मिळून सुमारे ८१,००० कोटी रुपयांचा नफा झाला. त्या वर्षात लिटरमागे दोन रुपयांची सूट मिळाली, तीही मार्च २०२४ मध्ये, लोकसभा निवडणूक तोंडावर असताना. दर बाजार ठरवतो म्हणतात, ते ऐकून घ्यावं. पण या बाजाराला पंचांग चांगलं कळतं एवढं मात्र खरं.

आता हा दर बनतो कसा ते पाहू. कच्चं तेल, ते शुद्ध करण्याचा खर्च, डेपोपर्यंतची आणि पुढे पंपापर्यंतची वाहतूक, केंद्राचं शुल्क, पंपचालकाचं कमिशन, आणि या सगळ्यावर राज्याचा व्हॅट. मुंबईत २९ मे २०२१ रोजी पेट्रोलने शंभरी ओलांडली, पण परभणीने ती त्याआधीच गाठली होती, कारण परभणीला पेट्रोल मनमाडकडच्या डेपोतून दूरवर आणावं लागे. त्याच वर्षी भोपाळमध्ये काही जुन्या यंत्रांना तीन अंकी दर दाखवता येईना म्हणून महागडं पेट्रोल विकणं थांबवावं लागलं. यंत्र बनवणाऱ्याच्याही कल्पनेत शंभर नव्हते!

राज्याचा कर टक्क्यांत असतो. २०२४ च्या अर्थसंकल्पात मुंबई-ठाण्याचा जादा एक टक्का कमी झाला आणि राज्यभर २५ टक्के अधिक लिटरमागे ५ रुपये १२ पैसे असा आकार झाला. टक्क्यांचा गुण असा, की तेल महागलं की कर आपोआप वाढतो. मंत्र्याला सही करावी लागत नाही, विधानसभेत चर्चा होत नाही. आणि हा कर केंद्राच्या शुल्कावरही लागतो, म्हणजे करावर कर. याशिवाय मधून मधून अधिभार येतात. ऑक्टोबर २०१५ मध्ये दुष्काळासाठी म्हणून लिटरमागे दोन रुपये बसवले गेले. दुष्काळाला मदत करायला आमच्या विदर्भ-मराठवाड्यातला कोण नाही म्हणेल? पण अशा अधिभाराचा पुढे काय हिशेब झाला, हे पंपावर पैसे मोजणाऱ्याला कुणी येऊन सांगत नाही.

केंद्राचंही तसंच. मे २०२२ च्या कपातीनंतर पेट्रोलवर केंद्राचं शुल्क १९ रुपये ९० पैसे उरलं. त्यातलं मूळ उत्पादन शुल्क फक्त १ रुपया ४० पैसे, आणि राज्यांना वाटा मिळतो तो एवढ्यातूनच. बाकीचं उपकर आणि विशेष शुल्क या नावाने केंद्राकडे राहतं. म्हणून महागाईवर वाद निघाला की केंद्र म्हणतं राज्याने व्हॅट कमी करावा, राज्य म्हणतं केंद्राने शुल्क कमी करावं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा पेट्रोल-डिझेल बाहेर राहिलं, ते दोघांनाही सोयीचंच होतं. चेंडू दोघांत फिरतो, आणि मैदान आपलं.

हा भाव नुसता मोटारसायकलपुरता नसतो. २६ ऑक्टोबर २०२१ पासून एसटीचं भाडं १७.१७ टक्क्यांनी वाढलं. कारणांत डिझेलची महागाई मुख्य होती. आठवडाभरात, दिवाळीच्या आदल्या दिवशी, केंद्राने डिझेलवर दहा रुपयांची कपात जाहीर केली. भाडं खाली आलं नाही. तोट्यातल्या एसटीला मी दोष देत नाही, ती आमच्या खेड्यापाड्यांची माय आहे. पण काळी-पिवळीचं भाडं, एकरी नांगरटीचा दर, रोटाव्हेटरचा तासाचा दर, सगळ्यांची रीत हीच. डिझेल पैशांनी चढतं, भाडं नोटांनी चढतं. डिझेल उतरतं तेव्हा भाडं वरच बसून राहतं. लोणार-सिंदखेडराजाकडच्या दोन एकरवाल्याला आंतरराष्ट्रीय बाजाराशी घेणं नसतं, पण त्याच्या सोयाबीनच्या पेरणीत तो बाजार येऊन बसलेला असतो.

आणि आता तर लिटरसुद्धा पूर्वीचा राहिलेला नाही. २०२५ पासून पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळलं जातं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे जुन्या गाड्यांचं मायलेज काही टक्क्यांनी घटतं, हे नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही मान्य केलेलं आहे. परदेशी तेलावरचा खर्च वाचतो, मका-उसाला गिऱ्हाईक मिळतं, हे फायदे मला मान्य आहेत. पण कस कमी झाला तर तेही भावातच धरलं पाहिजे. दुधात पाणी घातलं आणि भाव तोच ठेवला, तर गवळ्याने भाव वाढवला नाही असं आपण म्हणतो का?

मग करायचं काय? पहिलं आपल्या हातातलं. पंपाच्या यंत्रावर तीन आकडे असतात : रक्कम, लिटर आणि दर. आपण झिरो पाहतो, रक्कम पाहतो आणि किक मारतो. लिटरचा आकडाही पाहावा आणि घरी वहीत लिहावा. तारीख, लिटर, किलोमीटर, तीन रकाने पुरे. गाडी खाते आहे की भाव खातो आहे, हे दोन महिन्यांत कळतं. माप कमी वाटलं तर पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप असतं, त्याने मोजून मागण्याचा आपल्याला हक्क आहे.

दुसरं मागण्याचं. दर पंपावर रोजच्या दराच्या पाटीखाली चार ओळी मराठीत असाव्यात : मूळ किंमत इतकी, केंद्राचं इतकं, राज्याचं इतकं, पंपचालकाचं इतकं. विजेच्या बिलात स्थिर आकार, वहन आकार, वीज शुल्क वेगळं छापून येतंच ना? रेशन दुकानात भाव आणि शिल्लक साठ्याचा फलक लावावा लागतोच ना? तेल कंपन्या असा हिशेब प्रसिद्ध करतात, पण तो दिल्लीच्या दराचा. दिल्लीचा हिशेब घेऊन बुलढाण्याच्या माणसाने काय करायचं? इथला व्हॅट वेगळा, इथली वाहतूक वेगळी. रोज बदलणारा हिशेब लिहायचा कुणी, असं कुणी विचारेल. पण यंत्रावरचा दर आपोआप बदलतो, मग चार ओळी बदलणं काही अवघड नाही. लोक वाचणार नाहीत असंही म्हणतील. शंभरातले किती रुपये कुणाच्या पदरात जातात हे समोर लिहिलेलं असेल, तर अडाणी माणूससुद्धा ते दुसऱ्याकडून वाचून घेईल, हा माझा वर्गातला अनुभव आहे.

कर नसावा असं माझं म्हणणं नाही. रस्ते, शाळा, दवाखाने करातूनच होतात. पण देणाऱ्याला आपण किती दिलं हे कळावं, एवढी साधी अपेक्षा आहे. ग्राहक संरक्षण कायद्यात मालाचा दर्जा, प्रमाण आणि किंमत यांची माहिती मिळण्याचा हक्क लिहिलेला आहे. दरवर्षी २४ डिसेंबरला राष्ट्रीय ग्राहक दिन असतो, सरकारी कार्यालयांत भाषणं होतात, हार-नारळ होतात. यंदा त्या दिवशी या चार ओळींच्या पाटीचा अर्ज मी घेऊन जाणार आहे. आपापल्या तालुक्यात आपणही न्यावा. एकाच्या अर्जाला पोच मिळते, शंभरांच्या अर्जाला उत्तर द्यावं लागतं.