पाय कापण्याआधी रक्त कुठवर पोचतंय ते विचारा

मंडळी, निपाणीच्या आठवणी निघाल्या की आधी तंबाखू येतो. वखारी येतात, चाळणीवर बसलेल्या बायका येतात, गल्लीत शिरलं की ठसका लावणारा खकाणा येतो. १९८१ सालचं आंदोलन येतं. शरद जोशींच्या मागं तंबाखू पिकवणारे शेतकरी पुणे-बेंगळूर हायवेवर ठाण मांडून बसले, ६ एप्रिलला गोळीबार झाला, माणसं गेली. हे सगळं लिहायलाच पाहिजे. पण आपल्या या आठवणींत कुबड्या कधी येत नाहीत, आणि माझी तक्रार तिथंच आहे.

माझ्या लहानपणी आमच्या एका गल्लीत पाय कापलेली तीन माणसं होती. तिघंही बिडीवाले. एकाला तर चाळिशीही लागली नव्हती. मोठी माणसं एवढंच सांगायची, "पाय सडला, काढला." जसं काही दाढ काढली. पाय का सडला, सडण्याआधी काही करता आलं असतं का, हा प्रश्न कुणी काढल्याचं मला आठवत नाही.

माझ्या थोरल्या काकांना आम्ही आबा म्हणायचो. वखारीत हिशेब लिहायचे. दिवसाला दोन बंडलं बिडी. पन्नाशीनंतर घरातनं वखारीला जाताना ते वाटेत एकदा थांबायला लागले. मग दोनदा. मग विजेच्या प्रत्येक खांबापाशी. पोटरीत गोळा यायचा, मिनिटभर उभं राहिलं की जायचा. विचारलं तर म्हणायचे, "काय न्हाई रे, वात हाय. जरा दम खातो." घरादारानं वातच धरला. तेल चोळलं, वीट तापवून शेकलं. पुढं पुढं आबा रात्री पाय खाटेखाली लोंबता सोडून झोपायला लागले, कारण पाय वर घेतला की ठणका लागायचा. मग अंगठा काळा पडला.

हे २००४ सालचं. एका दवाखान्यात नेलं, नाव लिहीत नाही. साखर थोडी जास्त निघाली आणि निदान झालं, साखरेचा पाय. अंगठा काढला. जखम भरेना. तीन आठवड्यांनी चवडा काढला. तीही जखम भरेना. मग गुडघ्याखाली, शेवटी मांडीतून. चार महिन्यांत चार ऑपरेशनं. मी चारही वेळा तिथं होतो. घोट्यापाशी बोट ठेवून नाडी लागते का, एवढं बघितलेलं मी एकदाही बघितलं नाही. आबांची फाइल अजून घरात आहे. तिच्यात बिलं आहेत, रक्ताचे रिपोर्ट आहेत, डॉपलरचा एक कागद नाही.

आता यातलं साधं गणित बघा. जखम भरायला रक्त लागतं. वर मांडीतली किंवा गुडघ्यामागची रक्तवाहिनी बंद असेल, तर खाली कितीही स्वच्छ कापा आणि कितीही नेटके टाके घाला, कड काळीच पडणार. मग थोडं वर कापायचं, मग आणखी वर. याला उपचार म्हणायचं का, ते तुम्हीच ठरवा. पाटाला पाणी येईना म्हणून आपण ऊस कापून टाकत नाही. आधी पाट कुठं तुंबलाय ते बघायला जातो.

ते बघणं फार अवघडही नाही. घोट्याचं रक्तदाब आणि दंडाचं रक्तदाब मोजायचं, एकाला दुसऱ्यानं भागायचं. बीपीचा पट्टा आणि हातात मावणारं डॉपलर यंत्र, एवढंच लागतं. उत्तर ०.९ पेक्षा कमी आलं की पायाची रक्तवाहिनी अरुंद झालीय असं धरायचं. जुन्या साखरेच्या माणसात रक्तवाहिन्या चुन्यासारख्या कडक झालेल्या असतात, त्यामुळं हा आकडा फसवा चांगला येऊ शकतो. तिथं बोटाचं प्रेशर किंवा पूर्ण डॉपलर स्कॅन करायचा. त्यातनं अडथळा दिसला आणि पाय वाचवायचा असेल, तर अँजिओग्राफी. हे सगळं कापण्याच्या आधी करायचं असतं.

आणि अडथळा सापडला तर तो ओलांडताही येतो. ही काही काल-परवाची जादू नाही. १९४६ साली लिस्बनमध्ये सिद दुश सांतुश या सर्जननं बंद रक्तवाहिनी उघडून आतला थर खरवडून काढला. १९४८ साली पॅरिसमध्ये जाँ कुनलाँनं रुग्णाच्या पायातलीच शीर काढून बंद भागाच्या वर आणि खाली जोडली, म्हणजे पायाचा बायपास केला. घोट्यापासून जांघेपर्यंत आतल्या बाजूनं जाणारी ही शीर काढली तरी पायाचं चालतं. तिच्यात एकाच दिशेनं उघडणाऱ्या झडपा असतात, म्हणून ती उलटी करून जोडतात. १९६४ साली अमेरिकेत चार्ल्स डॉटरकडं एक ८२ वर्षांची बाई आली. पायाची बोटं काळी, डॉक्टर कापू म्हणत होते, ती नको म्हणत होती. डॉटरनं मांडीतनं बारीक नळी सरकवून अरुंद रक्तवाहिनी रुंद केली. ती बाई शेवटपर्यंत स्वतःच्या पायावर चालली.

आबांचा पाय त्यानंतर ४० वर्षांनी कापला. बायपास तोवर पुणे-मुंबईत, बेंगळूरात होत होता. आबांच्या पायात तो जमला असता की नाही, हे आज कुणी सांगू शकत नाही. माझा राग त्यावर नाहीच. बघितलंच नाही, यावर माझा राग आहे.

आता तुमच्यातलेच काही जण म्हणणार, "जीव वाचला ना? पायाचं काय घेऊन बसलाय?" पाय नासून विष अंगात भिनायला लागलं, ताप चढला, शुद्ध हरपायला लागली, तर जीव आधी. तिथं त्याच दिवशी कापावं लागतं आणि कापणारा डॉक्टर बरोबर असतो. पण कोरडा काळा अंगठा घेऊन चालत आलेल्या माणसाला एवढी घाई नसते. त्याच्याकडं तपासणीपुरता वेळ असतो. उलट, चांगला पाय एकाएकी थंड, पांढरा, बधिर पडला आणि जीवघेणी कळ लागली, तर मात्र तास मोजायचे. तिथं साधारण सहा तासांच्या आत गुठळी निघाली पाहिजे. नेमक्या त्याच वेळी आपल्याकडं शेकत बसतात. ज्या पायाला रक्त नाही त्याला शेकलं तर तो भाजतो, आणि बधिर असल्यानं माणसाला कळतही नाही.

दुसरे म्हणणार, बिडीवाल्याचा रोग वेगळाच असतो, त्यात बायपास होत नाही. यात तथ्य आहे. १९०८ साली न्यूयॉर्कच्या लिओ बर्जरनं ज्याचं वर्णन केलं तो रोग तरण्या बिडी-सिगरेटवाल्यांना धरतो, आणि हातापायांच्या बारीक रक्तवाहिन्या बंद करतो. शीर जोडायची तर खाली उघडी रक्तवाहिनी लागते, आणि बऱ्याचदा तीच मिळत नाही. पण त्या रोगात पाय वाचवण्याचा खरा उपाय एकच, तंबाखू पूर्ण बंद. दिवसाला दोनच ओढतो, हेही चालत नाही. मग ज्या डॉक्टरनं रोगाचं नावच शोधलं नाही तो हे ठासून सांगणार कसा? आबा तिसऱ्या ऑपरेशननंतरसुद्धा जिन्याखाली बसून बिडी ओढायचे. "आता कशाला सोडायची?" म्हणायचे. बायपास झालेल्या माणसालाही हेच लागू. बिडी चालू राहिली की जोडलेली शीरही बंद पडण्याचा धोका वाढतो.

तिसरा मुद्दा पैशाचा, आणि इथं मला आपल्या पुढाऱ्यांशी भांडायचंय. व्हॅस्क्युलर सर्जन तालुक्याला नसतो. निपाणीहून कोल्हापूर जवळ, बेळगाव लांब; पण योजनेचं कार्ड नदीनाले बघत नाही, राज्य बघतं. महाराष्ट्रानं सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले योजना द्यायचं जाहीर केलं, कर्नाटकातनं लगेच आक्षेप आला. दोन्हीकडं भाषणं झाली. १ नोव्हेंबरला काळा दिन पाळणाऱ्यांतला मीही एक, त्यामुळं मला कुणी सीमाप्रश्न शिकवू नये. पण कुठल्या कार्डावर कुठल्या दवाखान्यात पायाचा बायपास होतो, एवढी एक यादी गावच्या चावडीवर लावायला कुणाच्या बापाचं काय जातंय? फलक कुठल्या भाषेत असावा यावर आपण जन्म घालवला. ही यादी कानडीत लावली तरी मी वाचून घेईन.

शेवटी कामाचं. घरातलं कुणी चालताना थांबत असेल आणि थांबल्यावर पोटरीची कळ जात असेल, तर त्याला वात म्हणू नका. रात्री पाय लोंबता सोडून झोपत असेल, बोटाची जखम दोन आठवड्यांत भरत नसेल, तर तेल बाजूला ठेवा आणि डॉपलर करून घ्या. आणि डॉक्टरांनी "कापावं लागेल" म्हटलं, तर सहीचा कागद हातात घेण्याआधी नम्रपणे तीन प्रश्न विचारा. साहेब, रक्त कुठवर पोचतंय? ते मोजलंय का? रक्तवाहिन्यांच्या सर्जनला दाखवायला वेळ आहे का? चांगला डॉक्टर या प्रश्नांवर रागावत नाही. जो रागावेल, त्याच्याकडनं कागद घेऊन दुसरीकडं जा.

तंबाखूच्या दरासाठी आपल्या माणसांनी छातीवर गोळ्या झेलल्या. त्याच तंबाखूनं नेलेल्या पायांचा हिशेब कुणीच मांडलेला नाही. तुमच्या गल्लीतही अशी माणसं असतील. त्यांच्याबद्दल खाली लिहा, वखारींबद्दल लिहिता तसंच.