कॅमेरा मावशींवर नको, पाकिटांवर रोखा!



'चक्राकार अर्थव्यवस्था' हा शब्द आता स्मार्ट शहरांच्या प्रत्येक सादरीकरणात असतो. वापरलेली वस्तू कचऱ्यात न घालता पुन्हा कामी आणायची, एवढाच त्याचा अर्थ. हे चक्र पुण्यात आधीपासून फिरवलं कुणी? स्मार्ट सिटी योजना आली २०१५ साली. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत आहे १९९३ची. डॉ. बाबा आढावांच्या साथीनं कचरावेचक बायकांनी 'आम्हीही कामगार आहोत' असं ठणकावून सांगितलं, महापालिकेची ओळखपत्रं मिळवली. २००८मध्ये 'स्वच्छ' या त्यांच्या सहकारी संस्थेचा महापालिकेशी करार झाला. आज साडेतीन हजारांहून अधिक कष्टकरी आपल्या दारात येतात. घरटी मिळणारं शुल्क आणि सुक्या कचऱ्याची विक्री, या दोन्हींवर त्यांची चूल पेटते.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेचं यंत्र येतं आहे. सरकत्या पट्ट्यावर कचरा जातो, कॅमेरा आणि अवरक्त किरण वस्तू ओळखतात, हवेचा झोत ती बाजूला उडवतो. यंत्र चांगलं आहे, पण त्याला कचरा कोरडा आणि सुटा लागतो. काळ्या प्लास्टिकवर तर हे किरण फसतात, कारण त्यातली काजळी ते शोषून घेते. आमच्या इमारतीत येणाऱ्या मावशी जिन्याखाली बसून जेवणाचा काळा डबा हातात घेतात, कडेला वाकवतात, कानाशी 'कट्' असा आवाज ऐकतात आणि न बघता योग्य पोत्यात टाकतात. हे शिक्षण त्यांना कुणी दिलेलं नाही. उन्हात आणि दुर्गंधीत बोटांनी कमावलेलं ते ज्ञान आहे.

उद्या यंत्राला शिकवायला हीच वर्गवारी लागणार. ज्ञान मावशींचं, आणि सुक्या कचऱ्याची मालकी मात्र निविदेबरोबर ठेकेदाराची? महागडं यंत्र चालवायचं म्हणजे त्याला रोज टनावारी माल हवा. तो माल मावशींच्या पोत्यातूनच काढला जाईल. २०१६च्या घनकचरा नियमांनी कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घ्यायला सांगितलं होतं. त्यांना बाहेर ढकलून उभी राहिलेली व्यवस्था स्मार्ट नव्हे, अन्यायी आहे.

पाळत ठेवण्याचा सोस वेगळाच. नागपुरात सफाई कामगारांच्या मनगटांवर जीपीएसची घड्याळं बांधली गेली. झाडणारी बाई कुठं थांबली हे शहराला कळायला हवं, पण तिला झाडायला लागणारी पाकिटं कुणी बाजारात ओतली हे कळायला नको?

तेव्हा कॅमेरा तिकडे रोखा. वेफर्सची, शांपूची अनेक थरांची पाकिटं भंगारवाला घेत नाही. मावशी ती वेचतात, वाहतात आणि त्यांचा छदामही मिळत नाही. पाकिटावरचं कंपनीचं नाव ओळखणं कृत्रिम बुद्धिमत्तेला सहज जमतं. वर्गीकरण शेडमध्ये रोजची मोजणी करा, प्रभागवार आकडे जाहीर करा आणि उत्पादकांच्या विस्तारित जबाबदारीखाली, म्हणजे पाकीट विकणाऱ्यानंच त्याच्या कचऱ्याचा भार उचलायचा या नियमाखाली, कंपन्यांकडून वेचणीची मजुरी वसूल करा. तो कायदा अस्तित्वात आहे, पुरावा तेवढा हवा.

यंत्राला आमचा विरोध नाही. कंबरेच्या उंचीचा पट्टा द्या, म्हणजे दिवसभर उकिडवं बसावं लागणार नाही. पुठ्ठ्याचा आजचा भाव मोबाइलवर मराठीत बोलून सांगणारी सोय द्या, म्हणजे भंगाराच्या दुकानात फसवणूक होणार नाही. पण यंत्राची मालकी कष्टकऱ्यांच्या सहकारी संस्थेकडे असू द्या, आणि त्यांच्या लेखी संमतीशिवाय एकही निविदा काढू नका.

या पत्रकाची मागची बाजू कोरी ठेवली आहे. सोसायटीच्या पुढच्या बैठकीला मावशींना बोलवा, खुर्ची द्या आणि त्यांच्यासमोर ठराव लिहा: 'आमच्या सुक्या कचऱ्यावर पहिला हक्क तो वेचणाऱ्यांचा.' सह्या करून आपल्या क्षेत्रीय कार्यालयात द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.