जोडणी तुटली तर?
पहिल्या ऑनलाइन बुद्धिबळ ऑलिंपियाडमध्ये ३० ऑगस्ट २०२० रोजी भारत व रशिया अंतिम सामन्यात समोरासमोर आले. भारताचे कर्णधार होते नाशिकचे विदित गुजराथी. दुसऱ्या फेरीत नागपूरची दिव्या देशमुख व निहाल सरीन यांची इंटरनेट जोडणी तुटली आणि वेळ संपून दोघांचे डाव हातचे गेले. भारताने दाद मागितली. अखेर जागतिक संघटनेने दोन्ही देशांना सुवर्णपदक दिले.

आपल्या चिंचवड-चाकणच्या मुलांचा सामना दूरच्या मंडळाशी ठरवताना हे स्मरावे. जोडणी तुटल्यास घड्याळ थांबणार की चालणार, हे सौद्याच्या अटींप्रमाणे आधीच लिहून घ्यावे. दोन्हीकडे तटस्थ पंच असावा. शक्यतो गुरुवार टाळावा. दुरुस्तीसाठी आपल्याकडे वीज बहुधा त्याच दिवशी जाते, हे समोरच्यांना कसे ठाऊक असणार?