विश्लेषण : पुण्याच्या कचरा आराखड्यात वाघोलीचे म्हणणे कोण ऐकणार?

केंद्र सरकारने घनकचरा व्यवस्थापनाचे नवे नियम आणले असून १ एप्रिल २०२६ ही त्यांच्या अंमलबजावणीची तारीख आहे. २०१६ च्या नियमांवर बेतलेले पुणे महापालिकेचे कचऱ्याचे नियोजन त्यामुळे सुधारावेच लागेल. हा आराखडा कार्यालयात तयार होऊन थेट निविदांपर्यंत जाणार, की जागा ठरण्याआधी नागरिकांपुढे येणार? पूर्व टोकाच्या वाघोलीसाठी हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे.

वाघोलीचाच विचार का?

वाघोलीसह २३ गावे ३० जून २०२१ रोजी पुणे महापालिकेत आली. तोवर गावाचे प्रश्न ग्रामसभेत मांडता येत. समावेशानंतर ग्रामसभा संपली. मार्च २०२२ मध्ये महापालिकेत प्रशासक आले आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत नगरसेवकही नव्हते. म्हणजे सुमारे चार वर्षे वाघोलीकर कर भरत होते, पण कचऱ्याबद्दल जाब विचारावा असे सभागृह त्यांच्यासाठी नव्हते. याच काळात नगर रस्त्यालगतच्या सोसायट्या वाढत राहिल्या. या भागाचा कचरा किती, तो जिरवायचा कुठे, हे आता तरी तिथल्या रहिवाशांना विचारून ठरायला हवे.

आधी न विचारल्याने काय झाले?

पुण्याचा कचरा पूर्वी कोथरूडच्या डेपोवर जाई. तिथे वस्ती वाढली आणि कचऱ्याचा भार उरुळी देवाची-फुरसुंगीकडे सरकला. कोथरूडच्या त्या जागेवर आज मेट्रोचा डेपो आहे. उरुळी-फुरसुंगीत मात्र सुमारे १६३ एकरांवर कचऱ्याचे डोंगर उभे राहिले, विहिरींचे पाणी बिघडले आणि गावांना टँकरवर राहावे लागले. एप्रिल २०१७ मध्ये डेपोला आग लागली. ग्रामस्थांनी गाड्या अडवल्या आणि तीन आठवड्यांहून अधिक काळ शहरात कचरा तुंबला. ही दोन्ही गावे २०१७ मध्ये महापालिकेत आली आणि २०२४ मध्ये त्यांना वगळून स्वतंत्र नगरपरिषद करण्यात आली.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. जागा आधी ठरवून लोकांची समजूत नंतर काढण्याची पद्धत स्वस्त वाटते, पण तिची किंमत अखेर सगळे शहर मोजते.

नव्या नियमांत काय बदलले?

घरातच कचऱ्याचे चार भाग करायचे आहेत : ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा. शेवटच्या गटात मुदत संपलेली औषधे, बल्ब, रंगाचे डबे अशा वस्तू येतात. मोठ्या प्रमाणावर कचरा करणाऱ्यांची व्याख्याही स्पष्ट झाली आहे. चटईक्षेत्र २० हजार चौरस मीटर, रोजचा पाणीवापर ४० हजार लिटर किंवा रोजचा कचरा १०० किलो, यांपैकी एक मर्यादा गाठली तरी पुरे.

वाघोलीला याचा अर्थ काय? माणशी रोज अर्धा किलो कचरा धरला, तर चार माणसांची ५० कुटुंबे १०० किलोपर्यंत पोहोचतात. ५०० सदनिकांच्या संकुलात हाच आकडा एक टन होतो. म्हणजे इथल्या बहुतेक मोठ्या सोसायट्या या कक्षेत येणार. बिल्डरने बसवलेले खतयंत्र चालते का, ते चालवायचा खर्च कोणाचा, सोसायटीला जागाच नसेल तर पर्याय काय, याची उत्तरे आराखड्यात हवीत. नाहीतर नियमाचा उपयोग केवळ दंडाच्या नोटिशीपुरता उरेल.

वाघोलीच्या खाणींत कचरा टाकता येईल का?

गावाच्या परिसरात दगडखाणी आहेत. ओस पडलेला मोठा खड्डा दिसला की भरावाची कल्पना पुढे येतेच. पण २०१६ च्या नियमांत भरावभूमी विमानतळापासून २० किलोमीटर आणि वस्तीपासून २०० मीटर दूर ठेवण्याचा निकष होता. लोहगाव विमानतळ वाघोलीपासून जवळच आहे. शिवाय खाणीत साचणाऱ्या पाण्यात कचऱ्याचे पाणी मिसळण्याचा धोका आहे. त्यामुळे इथे भरावभूमीपेक्षा लहान प्रक्रिया केंद्रांचा विचार व्हावा. मात्र पुण्यात पाच-पाच टनांच्या बायोगॅस प्रकल्पांचा अनुभव संमिश्र आहे. काही चालले, काही बंद पडले. वर्गीकरण न झालेला ओला कचरा आणि देखभालीतली हेळसांड, ही त्यामागची दुखणी आराखड्यात आधी नोंदवली पाहिजेत.

लोकसहभाग म्हणजे नेमके काय?

शहर विकास आराखड्यावर हरकती मागवून सुनावणी घेणे कायद्याने बंधनकारक आहे. जुन्या शहराच्या आराखड्यावर २०१३ मध्ये पुणेकरांनी सुमारे ८७ हजार हरकती-सूचना दिल्या होत्या. म्हणजे विचारले तर लोक बोलतात. कचऱ्याच्या आराखड्यालाही हीच शिस्त लावता येईल. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात स्थानिक कचरा आराखडा वीस वर्षांच्या गरजेचा विचार करतो आणि दर पाच वर्षांनी त्याचा आढावा कायद्यानेच घ्यावा लागतो. त्यासाठी नागरिकांची सल्लागार समितीही असते.

पुण्यात त्यासाठी नवी यंत्रणा उभारायची गरज नाही. प्रभाग समित्यांवर नगरसेवकांबरोबर स्वयंसेवी संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी घेण्याची तरतूद आहे. नागरिकांकडून कामे सुचवून घेणारे अंदाजपत्रकही महापालिकेने २००६ पासून राबवले आहे.

महापालिकेने काय करावे?

आराखड्याचा मसुदा मराठीत आणि प्रभागनिहाय आकड्यांसह प्रसिद्ध व्हावा. प्रस्तावित केंद्रांच्या जागा, क्षमता आणि गाड्यांचे मार्ग त्यात असावेत. सुनावणी शिवाजीनगरच्या मुख्यालयात न घेता वाघोलीतच आणि सुट्टीच्या दिवशी घ्यावी. सोसायट्यांचे पदाधिकारी आले तरी खाणकामगारांच्या वस्त्या, भाडेकरू आणि कचरावेचक यांना वेगळे बोलवावे लागेल. २००८ पासून ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेच्या कचरावेचकांवर पुण्याचे घरोघरचे संकलन मोठ्या प्रमाणात उभे आहे. त्यांना वगळून केलेला आराखडा कागदावरच राहील. आणि आलेली प्रत्येक सूचना स्वीकारली की नाकारली, ते कारणासह जाहीर व्हावे.

नागरिकांच्या बाजूनेही एक अट आहे. ‘आमच्या दारात नको’ एवढेच सांगून भागणार नाही. वाघोलीचा ओला कचरा वाघोलीत जिरत नसेल, तर तो दुसऱ्या कुणाच्या तरी दारात जाणार आहे. उरुळी-फुरसुंगीने तीन दशके तेच सोसले. आपला कचरा कुठे जातो हे विचारण्याचा हक्क वाघोलीला आहे, आणि त्यातला किती आपण इथेच जिरवू हे सांगण्याची जबाबदारीही. नव्या नगरसेवकांनी या दोन्ही गोष्टींची नोंद प्रभाग समितीच्या इतिवृत्तात घ्यायला लावली, तर वाघोलीच्या सहभागाला तिथून सुरुवात होईल.