सरत्या काळाची खंडणी

इंग्लंड व वेल्समध्ये सदनिका ‘विकत’ घेणाऱ्या माणसाच्या हाती बहुतेक वेळा येतो तो एक दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा. इमारत व तिच्याखालची जमीन यांची मालकी भूस्वामीकडेच राहते. एकट्या इंग्लंडमध्ये पट्ट्यावरची अशी सुमारे ५० लाख घरे आहेत. पट्टा सरत जातो तशी घराची किंमत उतरते. मुदत फार थोडी उरली की कर्ज मिळणे अवघड होते आणि गिऱ्हाईकही पाठ फिरवते. म्हणून गाळेधारकाला मुदतवाढ घ्यावी लागते. या व्यवहारात भूस्वामी नेमके काय विकतो, हे आपल्या कार्यकर्त्यांनी समजून घेण्याजोगे आहे.

एक हिशेब मांडून पाहू. समजा, सत्तर वर्षे मुदत उरलेल्या सदनिकेची किंमत अडीच लाख पौंड आहे आणि मुदत वाढवल्यावर ती तीन लाख होईल. भूस्वामीच्या हक्काचे आजचे मोल वीस हजार धरू. मुदतवाढीनंतर ते जवळजवळ शून्य होईल. म्हणजे दोघांचे हक्क मिळून आज २ लाख ७० हजार आणि उद्या ३ लाख. मधल्या तीस हजारांना तेथील कायदा ‘विवाहमूल्य’ असे गोंडस नाव देतो. २००२ च्या दुरुस्तीनुसार, ऐंशी वर्षांहून कमी मुदत उरली असेल तर यातला निम्मा वाटा भूस्वामीचा. तेव्हा गाळेधारकाने वीस आणि पंधरा मिळून पस्तीस हजार मोजायचे. शिवाय भूस्वामीच्या वकिलाचा व मूल्यमापकाचा वाजवी खर्चही १९९३ च्या कायद्याने त्याच्याच माथी मारला.

या पस्तीस हजारांसाठी भूस्वामीने एक वीटही रचलेली नसते. जागेचे मोल वाढते ते शहर वाढल्यामुळे, करदात्यांच्या पैशाने रेल्वे, रस्ते, शाळा उभ्या राहिल्यामुळे. रिकार्डोने जमिनीच्या खंडाची मीमांसा केली, मिलने या अनर्जित वाढीवर कर बसवण्याची मागणी केली; त्यांच्याच देशात ती वाढ पिढ्यान्‌पिढ्या खासगी तिजोरीत जात राहिली.

हे निमूटपणे चालले असे मात्र नाही. दक्षिण वेल्सच्या कोळसाखाणींच्या गावांत कामगारांनी पट्ट्याच्या जमिनीवर स्वतःच्या पैशाने घरे बांधली होती. नव्याण्णव वर्षे भरत आली तेव्हा घरासकट सारे भूस्वामीकडे जाण्याची वेळ आली. या असंतोषातून मजूरपक्षाच्या सरकारने १९६७ चा कायदा केला. त्यात पात्र घरांच्या पट्टेदारांना मुदत पन्नास वर्षांनी वाढवण्याचा किंवा जमिनीची मालकी विकत घेण्याचा हक्क मिळाला. ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टरच्या विश्वस्तांनी त्याविरुद्ध युरोपीय मानवी हक्क न्यायालयात धाव घेतली. १९८६ मध्ये ते हरले. सदनिकांना मात्र १९९३ पर्यंत थांबावे लागले. तो कायदा हुजूरपक्षाने केला आणि नव्वद वर्षांच्या मुदतवाढीचा हक्क दिला, तेव्हा ड्यूकने निषेध म्हणून त्या पक्षाचाच राजीनामा दिला! २०२४ च्या कायद्याने ९९० वर्षांची मुदतवाढ ठरवली आणि विवाहमूल्य रद्द करण्याची तरतूद केली. पण कायदा मंजूर झाला त्या दिवशी ही कलमे अमलात आली नाहीत. बडे जमीनमालक आणि त्यांच्यासोबत काही धर्मादाय संस्थाही मालमत्तेच्या हक्काची ढाल पुढे करून न्यायालयात गेल्या. २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांचे म्हणणे फेटाळले. शेजारच्या स्कॉटलंडने तर १९७४ मध्येच वीस वर्षांहून अधिक मुदतीच्या नव्या निवासी पट्ट्यांना बंदी घातली होती. ही पद्धत अटळ नव्हती, याला याहून वेगळा पुरावा नको.

आता आपल्या दाराशी पाहू. पट्ट्याची ही पद्धत इंग्रजांनी मुंबईतही रुजवली. १८९८ च्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने भूखंड पट्ट्यानेच दिले. पुढे नवी मुंबईत सिडकोने साठ वर्षांचे पट्टे दिले. २०१८ मध्ये राज्य सरकारने ही मुदत नव्याण्णव वर्षे करण्याचा निर्णय घेतला. इंग्लंडचा दाखला देऊन येथेही ‘पट्टा नको, पूर्ण मालकी द्या’ असे कोणी म्हणेल. तेव्हा आपण क्षणभर थांबले पाहिजे. लंडनचा भूस्वामी खासगी सरदार आहे. येथील भूस्वामी, निदान कागदोपत्री, समाज आहे. ही जमीन सार्वजनिक कामाचे कारण सांगून शेतकऱ्यांकडून घेतलेली आहे. तिच्या न्याय्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन झाले, त्यात १९८४ च्या जानेवारीत पाच जण पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मे झाले. त्या जमिनीची अनर्जित वाढ उद्या बिल्डरांच्या व गुंतवणूकदारांच्या खिशात घालणे हा कसला समाजवाद?

याचा अर्थ सामान्य गाळेधारकाला टांगणीला ठेवावे असा नव्हे. सार्वजनिक भूस्वामीही जुलमी होऊ शकतो. ना-हरकत दाखल्यासाठी हेलपाटे, हस्तांतरणाचे शुल्क, नूतनीकरणाच्या वेळची अडवणूक यांचा अनुभव घेतलेल्या माणसाला ड्यूक काय आणि अधिकारी काय, दोघे सारखेच. म्हणून आमच्या मते मागणी अशी असावी : जो स्वतः घरात राहतो त्याच्या पट्ट्याचे नूतनीकरण अर्जविनंतीवाचून, आपोआप आणि माफक, आधीच जाहीर केलेल्या भूभाड्यावर व्हावे, त्याच्या वारसांनाही तोच हक्क असावा. व्यापारी भूखंड, रिकाम्या ठेवलेल्या सदनिका आणि पुनर्विकासातला नफा यांवर मात्र जमिनीच्या वाढत्या मोलाच्या प्रमाणात आकारणी व्हावी, आणि तो पैसा त्याच शहरातील श्रमिकांच्या घरांसाठी राखून ठेवावा.

छपराची शाश्वती राहणाऱ्याची आणि जमिनीची वाढ समाजाची, हे सूत्र धरून कार्यकर्त्यांनी गृहनिर्माण संस्थांच्या सभांत बोलावे. मालकीहक्काच्या घोषणेला टाळ्या लवकर मिळतील. पण एकदा दिलेली सार्वजनिक जमीन परत मिळवायला इंग्रजांप्रमाणे आपल्यालाही पिढ्या घालवाव्या लागतील.