पाते कामीचे, म्यान सार्कीचे, नाव मात्र गुरख्याचे

सुरी म्हटली की सगळ्यांची नजर पात्यावर जाते. पोलाद कोणते, लांबी किती, धार कशी, एवढेच विचारले जाते. मूठ आणि म्यान कोणी नीट बघत नाही. आम्हीही बघत नव्हतो. पण हौसेने ऑर्डर देऊन सुऱ्या बनवून घेणाऱ्यांच्या जगात जरा डोकावले की एक गोष्ट लक्षात येते. ज्याला सुरीची 'शैली' म्हणतात, ती निम्म्याहून जास्त मुठीत आणि म्यानात असते. आणि ही मूठ, हे म्यान कोणाच्या हातांनी घडते, एवढा एक प्रश्न विचारला की शैलीची चर्चा थेट जातीपर्यंत पोहोचते. जगप्रसिद्ध कुकरीचे उदाहरण घेऊन आम्ही हे मांडणार आहोत.

नेपाळमध्ये तिला खुकुरी म्हणतात. पाते पुढे झुकलेले, मध्ये बाक, टोकाकडे वजन. हे पाते बऱ्याचदा ट्रकच्या जुन्या स्प्रिंगच्या पोलादापासून ठोकून काढतात आणि किटलीतून धारेवर पाणी ओतून तेवढीच कडक करतात. पाठ मऊ राहते म्हणून घाव बसला तरी पाते तुटत नाही. इथपर्यंत लोहाराचे काम. यापुढे ती कुकरी कशी दिसेल आणि कोणाच्या हातात शोभेल, हे मूठ ठरवते.

पात्याचा मागचा भाग मुठीत दोन प्रकारे बसतो. एका प्रकारात तो उंदराच्या शेपटीसारखा निमुळता असतो. लाकडाच्या किंवा म्हशीच्या शिंगाच्या अखंड तुकड्याला भोक पाडून, लाखेसारखा चिकट मसाला भरून तो आत बसवतात. नेपाळीत या मसाल्याला 'लाहा' म्हणतात. दुसऱ्या प्रकारात पात्याची पट्टी मुठीच्या शेवटापर्यंत रुंदच ठेवतात आणि दोन्ही बाजूंना दोन फळ्या लावून रिव्हेट ठोकतात. पहिल्या प्रकारात मूठ हलकी होते, वजन पुढे राहते आणि घाव जोरात बसतो. दुसऱ्यात मूठ जड होते, तोल मागे येतो, पण दणकट कामाला ती जास्त टिकते.

मग येतो मुठीचा माल. म्हशीचे शिंग काळेभोर चमकते, भेट द्यायला उत्तम. पण कोरड्या हवेत ते आकसते, कधी तडकते आणि घामेजल्या हातात पॉलिश केलेले शिंग निसटते. शिसवीसारख्या लाकडाला तेवढी चमक नाही, पण ते हाताला बसणारा धक्का सोसते. म्हणून दिवाणखान्यातल्या कुकरीला शिंग शोभते आणि लाकूड तोडणाऱ्याच्या कुकरीला लाकूडच लागते. आता मिकार्टाही आले आहे. कापडाचे थर राळेत दाबून बनवलेला हा माल हवामानाने हलत नाही. तो लावला की तीच कुकरी एकदम 'आधुनिक' दिसू लागते.

म्यानाचेही तसेच. पात्याला बाक असल्यामुळे साधी चामड्याची पिशवी चालत नाही. लाकडाच्या दोन फाळी घ्यायच्या, पात्याच्या आकाराप्रमाणे आतून कोरायच्या, जोडायच्या आणि त्यावर ओले कातडे ओढून शिवायचे. वाळताना कातडे लाकडाला आवळून धरते. मागच्या बाजूला दोन लहान सुऱ्यांसाठी खिसा असतो. त्यातली 'कर्दा' बारीक कामाची, आणि बोथट 'चकमक' धार लावायला, ठिणगी पाडायला. टोकाला धातूची टोपी बसते. म्यान सैल झाले तर कुकरी पडते, घट्ट झाले तर अडकते. कुकरी उपसताना म्यान नेहमी पाठीच्या बाजूने धरायचे असते. कारण धारेच्या बाजूचा जोड उसवला तर आधी धरणाऱ्याची बोटे जातात. म्हणजे म्यान शिवणाऱ्याच्या हातात दुसऱ्याची बोटे असतात.

कातड्यातही फरक आहे. झाडाच्या सालीने कमावलेले कातडे ओले करून आकारात बसवता येते. क्रोमने कमावलेले कातडे तसा आकार धरत नाही आणि त्यातल्या क्षारांनी पाते गंजू शकते. म्हणून जाणते कारागीर म्यानासाठी सालीचेच कातडे मागतात. आता कायडेक्स नावाचे प्लास्टिकही वापरतात. ते तापवून पात्याभोवती दाबले की सुरी 'खट्' आवाज करून बसते आणि पाणी शोषत नाही.

आता एकच पाते तीन वेळा डोळ्यांपुढे आणा. काळे शिंग आणि नक्षीदार म्यान लावले, ती झाली भेटवस्तू. लाकडी मूठ आणि साधे म्हशीचे कातडे लावले, ती झाली शेतकऱ्याची कुकरी. मिकार्टा आणि कायडेक्स लावले, ती झाली कमांडोची. पाते बदललेच नाही. मग शैली कोणी घडवली?

इथेच आमचा मुद्दा सुरू होतो. पाते ठोकणारा कामी. कातडे कमावणारा, म्यान मढवणारा सार्की. 'कोथीमोरा' नावाच्या मानाच्या कुकरीच्या म्यानावर चांदीची नक्षी असते. ती पारंपरिकपणे करणारा सुनार. नेपाळच्या पहाडी समाजात हे तिघेही 'अस्पृश्य'. 1854 साली जंग बहादुर राणाच्या राजवटीत 'मुलुकी ऐन' लागू झाला आणि जातींची उतरंड राज्याचा कायदाच बनली. ज्यांच्या हातचे पाणी चालत नाही आणि ज्यांचा स्पर्श झाला तर पाणी शिंपडून शुद्ध व्हावे लागते, अशांच्या यादीत कामी आणि सार्की होते. 1963 च्या नव्या मुलुकी ऐनाने हा कायदेशीर आधार काढून घेतला. जातीय भेदभाव आणि अस्पृश्यता यांना शिक्षा देणारा स्वतंत्र कायदा यायला मात्र 2011 साल उजाडले.

जरा विचार करा. ज्याने ओले कातडे आपल्या हातांनी ओढून त्या लाकडावर बसवले, त्याच्या हातचे पाणी बाटते. पण तेच म्यान चोवीस तास कमरेला चालते! दशैंला शस्त्रांची पूजा होते, आपल्याकडे खंडेनवमीला होते. शस्त्राला कुंकू लागते, शस्त्र घडवणाऱ्याला उंबऱ्याबाहेर थांबावे लागते. आणि मोबदला? कामी-सार्की वर्षभर गावाची अवजारे आणि चामड्याची कामे करणार आणि सुगीला धान्य घेणार. या पद्धतीला तिथे 'बालीघरे' म्हणतात. आपल्या वाचकांना वेगळे समजावायला नको. आपल्या आजोबा-पणजोबांनी बलुते भोगले आहे.

कीर्ती कोणाला मिळाली? कुकरी जगात 'गुरख्याचे शस्त्र' म्हणून ओळखली जाते. ब्रिटिशांनी 'लढवय्या जाती' नावाचा सिद्धांत काढला आणि गुरखा पलटणींत मुख्यतः मगर, गुरुंग, राई, लिंबू यांची भरती केली. त्यांच्या शौर्याबद्दल आमच्या मनात आदरच आहे. पण शस्त्र घडवणारा मात्र 'लढवय्या' ठरला नाही. याच सिद्धांताने 1892 च्या सुमारास महारांची लष्करभरती बंद झाली, हे आपण विसरलेलो नाही. त्यांना शस्त्र नाकारले, यांना शस्त्राचे श्रेय नाकारले. मोजपट्टी एकच होती.

यावर हमखास येणारा युक्तिवाद आम्हाला माहीत आहे. 'कातडे, शिंग, हाडे हे काम घाण असते, म्हणून ती माणसे दूर ठेवली गेली.' हा युक्तिवाद कुकरीच खोडून काढते. कामी लोखंडाचे काम करतो. महाराष्ट्रातला लोहारही लोखंडाचेच काम करतो, पण तो अस्पृश्य मानला गेला नाही. पहाडी सुनार चांदी घडवतो. आपल्याकडचा सोनारही चांदी घडवतो, आणि तो उतरंडीत वरचा. लोखंड तेच, चांदी तीच, आग तीच. मग विटाळ कुठून आला? विटाळ मालात नव्हता, तो आधी माणसावर लादला आणि मग मालाचे निमित्त पुढे केले. 1936 साली 'जातिप्रथेचे विध्वंसन' लिहिताना बाबासाहेबांनी हेच दाखवले की जात ही केवळ कामाची वाटणी नाही, ती काम करणाऱ्या माणसांचीच उतरंडीत केलेली विभागणी आहे.

मग आम्ही काय म्हणतोय? पुन्हा कातडे कमवा, पुन्हा रापी हातात घ्या? अजिबात नाही. 1927 साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावरांचे मांस खाणे सोडायला सांगितले, लाचारी सोडायला सांगितले. जन्माने गळ्यात बांधलेला धंदा सोडणे हा मुक्तीचाच भाग आहे. 'पारंपरिक कौशल्य जपा' असे कोणी गोड बोलू लागले की आम्ही सावध होतो. 2023 साली सुरू झालेल्या 'पीएम विश्वकर्मा' योजनेच्या 18 व्यवसायांत लोहार, चर्मकार आहेत, शस्त्र घडवणारेही आहेत. प्रशिक्षण आणि कर्ज जरूर द्या. पण चर्मकाराच्या मुलाने चर्मकारच व्हावे, हे त्यामागे गृहीत असेल तर ते बलुतेच आहे, फक्त त्यावर सरकारी शिक्का आहे.

अमेरिकेत बॉब लव्हलेस नावाच्या माणसाने 1950 च्या दशकात सुऱ्या बनवायला घेतल्या. कोणी त्याला त्या धंद्यात जन्माला घातले नव्हते, तो आवडीने आला. त्याची मिकार्टाची मूठ, त्याचे खोल चामडी म्यान, त्याच्या नावाचा शिक्का यांना संग्राहक मोठी किंमत मोजतात. त्याने आणि त्याच्या साथीदारांनी 1970 साली सुरी बनवणाऱ्यांची स्वतःची गिल्ड काढली. फरक ध्यानात घ्या. तिथे कारागिराचे नाव वस्तूला किंमत मिळवून देते. इथे कारागिराच्या जातीने त्याच्या श्रमाची किंमत पाडली.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. काम निवडण्याचे आणि सोडण्याचे स्वातंत्र्य प्रत्येकाला हवे. जे हे काम आवडीने करतात, त्यांचे नाव पात्याबरोबर मुठीवर आणि म्यानावरही हवे आणि किमतीतला वाटा दलालाआधी त्यांना मिळायला हवा. डिझाइनच्या संस्थांमध्ये म्यान शिकवायचे असेल तर ते शिवणारा तिथे नमुना म्हणून उभा राहू नये, शिक्षक म्हणून उभा राहावा. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कातडे कमावण्याचे ज्ञान आपल्याकडे ढोर-कक्कय्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले. ते रसायनशास्त्र आहे, 'हलके काम' नव्हे. आणि रापी हीसुद्धा सुरीच आहे, तिला कोणी शैली म्हणाले नाही एवढेच.

तरुण मित्रांनो, पुढच्या वेळी दुकानाच्या काचेमागे कुकरी दिसली तर पाते बघून पुढे जाऊ नका. म्यान उलटे करा, शिवण बघा, मुठीचा जोड बघा आणि दुकानदाराला विचारा, हे कोणी बनवले? तो 'गुरख्याची आहे' म्हणाला, तर प्रश्न पुन्हा विचारा.

जय भीम!