विश्लेषण : पवई तलाव ‘ओसंडला’, ही आनंदवार्ता की इशारा?

पावसाळ्यात मुंबईकरांच्या मोबाइलवर एक बातमी हमखास येते : पवई तलाव भरून वाहू लागला. 2024 मध्ये ती 8 जुलैला आली, 2025 मध्ये 18 जूनलाच. सांडव्यावरून कोसळणाऱ्या पाण्याची चित्रफीत फिरते आणि पाणीकपातीची चिंता मिटली, असा अनेकांचा समज होतो. प्रत्यक्षात पवईच्या पाण्याचा मुंबईकरांच्या नळाशी संबंध नाही. संबंध आहे तो मिठी नदीशी आणि तिच्या काठच्या वस्त्यांशी.

पवईचे पाणी कोणासाठी?

ब्रिटिश काळात, 1890 मध्ये या तलावाचे काम पूर्ण झाले. खर्च आला सुमारे 12.59 लाख रुपये. हेतू पिण्याच्या पाण्याचा होता, पण पाण्याचा दर्जा टिकला नाही. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात जलाशयांत आज पवई नाही. त्याचे पाणी आरे वसाहत आणि उद्योगांना, पिण्याव्यतिरिक्तच्या वापरासाठी दिले जाते. उरला तो विरंगुळा : काठावर फेरफटका मारणारे आणि गळ टाकून तासन् तास बसणारे हौशी मासेमार. महाराष्ट्र राज्य अँगलिंग असोसिएशन ही त्यांची संस्था याच काठावर आहे. रोहू, कटला, मृगळ हे येथील गळकऱ्यांचे आवडते मासे.

तलाव ओसंडतो म्हणजे नेमके काय?

पाण्याची पातळी 195.10 फुटांवर पोहोचली की तलाव भरला असे महापालिका मानते. तेव्हा साठा 545.5 कोटी लीटर असतो आणि पाण्याचा विस्तार 2.23 चौरस किलोमीटर. त्यानंतर येणारे पाणी सांडव्यावरून मिठी नदीत जाते. विहार तलावाचे जादा पाणीही त्याच नदीला मिळते. पुढे साकीनाका, विमानतळ परिसर, कुर्ला, वांद्रे-कुर्ला संकुल असा प्रवास करून मिठी माहीमच्या खाडीत पोहोचते. त्याच वेळी समुद्राला भरती असली तर नदीला वाट मिळत नाही आणि पाणी वस्तीत शिरते. कुर्ल्याच्या क्रांतीनगरातील रहिवाशांना मुसळधार पावसात घरे सोडून महापालिकेच्या शाळेत आसरा घ्यावा लागतो, तो यामुळेच.

थोडक्यात, रिकामी जागा असेपर्यंत तलाव पाणी पोटात घेतो. ती संपली की तो केवळ वाट देतो. 2025 मध्ये ही स्थिती जूनच्या मध्यावर आली, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने बाकी असताना.

एका फुटाने काय फरक पडतो?

पवईचे पाणलोट क्षेत्र 6.61 चौरस किलोमीटर आहे. त्यावर 100 मिलिमीटर पाऊस पडला तर साधारण 66 कोटी लीटर पाणी होते. तलावाची पातळी भरतीच्या खुणेपेक्षा एक फूट खाली असेल, तर त्या फुटात जवळपास 68 कोटी लीटर मावते. म्हणजे एका दिवसाचा जोरदार पाऊस पवई एकट्याने अडवू शकतो, पण जागा मोकळी असेल तरच.

याला मर्यादा आहेत. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. तेवढा पाऊस या पाणलोटात धरला, तर पाणी तलावाच्या संपूर्ण साठ्याहून अधिक भरते. शिवाय मिठीत वाटेतल्या नाल्यांचे पाणीही येते. त्यामुळे पवईची पातळी उतरवून मिठीचा पूर थांबेल, असा दावा कोणी करू नये. मात्र भरतीच्या वेळेचे काही तास निभावून नेता आले, तरी काठच्या वस्तीसाठी ते मोलाचे असते.

मग गाळ काढला की झाले?

येथेच गल्लत होते. गाळ काढल्याने तलाव खोल होतो, माशांना आणि पाण्याला त्याचा फायदाच होतो. पण खोल झालेला तलावही काठोकाठ भरलेला असेल, तर पुराचे पाणी त्यात मावणार नाही. पुरासाठी उपयोगी पडते ती पाण्याच्या वरची मोकळी जागा. तिला दोन बाजूंनी कात्री लागते. आसपासच्या वसाहतींचे सांडपाणी भर उन्हाळ्यातही तलावात येत राहते. त्यावर जलपर्णी पोसली जाते आणि ती कुजली की पाण्यातला प्राणवायू घटून मासे मरतात. दुसरीकडे काठावर भराव टाकण्याचा मोह सुटत नाही. तलावाकाठचा सायकल मार्ग मुंबई उच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये बेकायदा ठरवला आणि जागा पूर्ववत करण्यास सांगितले. काठाची ओली पट्टी ही पडीक जमीन नसते, चढलेल्या पाण्याची ती हक्काची जागा असते.

हौशी मासेमारांचे काय?

पातळी उतरवली तर छंदावर गदा येईल, ही भीती रास्त वाटली तरी एका फुटाने तलाव आटत नाही. उलट आजच्या स्थितीत त्यांचे नुकसान अधिक आहे. सांडव्यावरून पाण्याबरोबर मासेही वाहून जातात, ते पकडायला तरुण वेगवान प्रवाहात उतरतात. काठ पाण्याखाली गेला की तलावातली मगर कुठे आहे, याचाही अंदाज राहत नाही.

करायचे काय?

एक फूट पाणी महिनाभरात उतरवायचे तर रोज सुमारे सव्वादोन कोटी लीटर उचलावे लागेल. बांधकामे, उद्याने, उद्योग यांना प्रक्रिया केलेले पाणी हवेच असते. ते मे महिन्यात पवईतून देण्याचा विचार व्हावा. सांडपाण्याची तोंडे बंद करणे ही त्याची पूर्वअट. आणि तलाव भरण्याआधीच त्याची पातळी, भरतीची वेळ आणि मिठीची स्थिती एकत्र जाहीर व्हावी. तलाव भरल्याची बातमी पवईत चित्रफीत म्हणून पाहिली जाते. कुर्ल्यात तीच बातमी सामान उंचावर ठेवण्याची सूचना असते. महापालिकेने ती कुर्ल्याच्या नजरेतून द्यायला हवी.